समुपदेशनातून ‘उपदेश’ वजा केला तर

‘मॅडम, याला जरा चार गोष्टी समजावून सांगा.’ माझ्या खोलीत येणाऱ्या बहुतेक मुलांबरोबर हे वाक्य येतं. कधी वर्गशिक्षक म्हणतात, कधी आई म्हणते. कधी तर मुलगाच मान खाली घालून, ‘सांगा काय सांगायचं ते’ अशा तयारीनं समोर बसतो. यात त्यांची चूक नाही. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ आहे, मग समुपदेशक म्हणजे उपदेश करणारी व्यक्ती असंच कुणालाही वाटणार. पण माझ्यापर्यंत पोचलेल्या मुलाला उपदेशाची टंचाई कधीच नसते. आईनं सांगून झालेलं असतं, आजीनं झालेलं असतं, सरांनी वर्गासमोर सुनावलेलं असतं, तालमीत जात असेल तर वस्तादांनीही ऐकवलेलं असतं. पाचव्या माणसानं तेच पुन्हा सांगून काय होणार?

मग शाळेतला समुपदेशक करतो काय आणि ते नीट करायला त्याला काय काय यावं लागतं? कोल्हापुरात शाळांमधून हे काम करताना मला जे उमगलं आणि या विषयात जे पक्कं मानलं जातं, ते दोन्ही इथं सांगते. मुलांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सहावीतला एक मुलगा, नदीकाठच्या गावातून एसटीनं शाळेत येणारा. तक्रार अशी, की दर दोन-चार दिवसांनी पोटात दुखतंय म्हणतो आणि घरी सोडा म्हणून मागं लागतो. दवाखान्यात दाखवून झालं, काही निघालं नाही. शिक्षकांचा निष्कर्ष ठरलेला होता, ‘नाटकं करतोय.’ मी त्याच्याशी बोलण्याआधी त्याचा हजेरीपट मागून घेतला. जून कोरडा गेला होता, त्या महिन्यात एकही तक्रार नव्हती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरुवात, मग चार दिवस शांत, मग पुन्हा ओळीनं तीन दिवस. तारखा पाहता पाहता लक्षात आलं, की हे सगळे धो-धो पावसाचे दिवस होते.

तो आला तेव्हाही बाहेर पाऊस होता. खुर्चीत बसायच्या आधी त्यानं खिडकीतून बघून घेतलं आणि विचारलं, ‘मॅडम, एकोणचाळीस झालं काय ओ?’

कोल्हापूरच्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात इथं लोक एकमेकांना जेवण झालं का विचारावं तसं ‘किती फूट झालं?’ विचारतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा हा मुलगा बालवाडीत होता.

अशा वेळी तोंडातून सहज निघतं, ‘काही होत नाही रे, घाबरू नकोस.’ हे वाक्य प्रेमापोटीच येतं, पण त्यानं मुलाचं बोलणं तिथंच थांबतं. त्याला कळतं, की या बाईंनाही माझी भीती ऐकायची नाही, ती फक्त घालवायची आहे. मी विचारलं, ‘एकोणचाळीस झालं की काय होतं?’ आणि गप्प बसले. बराच वेळ तो टेबलावरची पट्टी इकडून तिकडं फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘आबा परत आत जातील.’

पुराच्या रात्री सगळे बाहेर पडले होते. म्हशी गोठ्यात बांधलेल्या राहिल्या. त्यांची दावी सोडायला आजोबा कमरेएवढ्या पाण्यातून परत गेले आणि कितीतरी वेळ आलेच नाहीत. ते सुखरूप आले, एक म्हैस गेली. घरात नंतर म्हशीबद्दल बोलणं झालं, नुकसानभरपाईबद्दल झालं. पोरानं अंधारात उभं राहून पाण्याकडं बघत काढलेल्या वेळाबद्दल कुणी बोललं नाही. आता पाऊस लागला, की त्याला वाटतं, मी इकडं शाळेत आणि आबा तिकडं पाण्यात.

त्याचं पोट खरंच दुखत होतं, हे इथं ठामपणे सांगायला हवं. भीती वाटली, की शरीर धोक्याच्या तयारीला लागतं, हृदयाचे ठोके वाढतात, पचनाचं काम विस्कळीत होतं. पोटात गोळा येणं हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार मुळात शरीराचा अनुभव आहे. लहान मुलांना ‘मला चिंता वाटते’ असं म्हणता येत नाही, ती ‘पोटात दुखतंय’ म्हणतात. डोकेदुखी, पोटदुखी, भूक मरणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं, एकाएकी अक्षर बिघडणं, मधल्या सुट्टीत एकटं बसणं, हे सगळं मुलाचं बोलणंच असतं. डॉक्टरी तपासणी आधी व्हायलाच हवी. ती झाल्यावर ‘काही निघालं नाही’ म्हणजे ‘काही नाहीच’ असं मात्र नसतं. समुपदेशकाला हे वाचता आलं पाहिजे, आणि त्यासाठी हजेरीपट, वह्या, वर्गातल्या बसायच्या जागा यांच्याकडं बघायची सवय लागते.

आता ऐकण्याबद्दल. हे सगळ्यात सोपं वाटणारं आणि सगळ्यात उशिरा जमणारं कौशल्य. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलं, की समोरच्या माणसात बदल घडायला मदत करणाऱ्याकडं काही गोष्टी असाव्या लागतात. त्यातल्या तिघींचं नाव आजही प्रत्येक प्रशिक्षणात घेतलं जातं. पहिली समानुभूती, म्हणजे त्याच्या जागी उभं राहून त्याला काय दिसतंय ते बघणं. सहानुभूतीत आपण काठावर उभं राहून ‘अरेरे’ म्हणतो, समानुभूतीत त्या पाण्याची खोली त्याच्या उंचीनं मोजतो. कमरेएवढं पाणी आजोबांच्या कमरेएवढं होतं, बालवाडीतल्या पोराच्या ते गळ्यापर्यंत आलं असतं. दुसरी विनाअट स्वीकार, म्हणजे चोरी केलेल्या, कॉपी केलेल्या, शिवी दिलेल्या मुलालाही माणूस म्हणून पूर्ण जागा देणं. त्याचं वागणं मान्य करणं असा याचा अर्थ नाही. तिसरी खरेपणा. मुलांना खोटं हसू आणि पाठ केलेली सहानुभूती लगेच ओळखू येते.

प्रत्यक्ष बोलताना हे बारीकसारीक गोष्टींत उतरतं. मी ‘का’ हा शब्द शक्यतो वापरत नाही. मराठीत ‘का केलंस?’ हा प्रश्न ऐकला, की मुलाला तो आरोपच वाटतो, कारण आजवर तो शब्द छडीबरोबरच आलेला असतो. ‘तेव्हा काय झालं होतं?’ असं विचारलं, की तेच मूल गोष्ट सांगायला लागतं. समोरासमोर टेबल ठेवलं तर चौकशी वाटते, म्हणून खुर्च्या काटकोनात ठेवते. लहान मुलांच्या हातात खडू, माती, काहीतरी देते, हात कामात असले, की जीभ मोकळी होते. मुलानं वापरलेला शब्दच मी परत वापरते. एक मुलगी म्हणाली, ‘घरात मी आगाव झालोय.’ इथं ‘तुला नकोशी झाल्यासारखं वाटतंय का’ असं शुद्ध भाषांतर करायची गरज नसते. ‘आगाव झालीस म्हणजे कसं?’ एवढंच विचारायचं.

यातच कोल्हापूरची एक गोष्ट येते. आमच्याकडं बायका, पोरी ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी बसतो की’ असं बोलतात. बाहेरून आलेल्या एखाद्या शिक्षिकेला हे खटकतं आणि ती रडणाऱ्या मुलीलाही मध्येच थांबवून ‘आलो नाही, आले’ असं सुधारते. त्या क्षणी ती मुलगी आतून दार लावून घेते. निबंधात प्रमाण मराठी लिहायला शिकवावं, जरूर शिकवावं. पण दुःख ज्या बोलीत आलं त्याच बोलीत ते ऐकलं गेलं पाहिजे. माझ्या मते मुलाची बोली न येणाऱ्या समुपदेशकाच्या पदवीचा मुलाला फारसा उपयोग नाही.

आता गुपिताचा प्रश्न. मुलं सुरुवातीलाच विचारतात, ‘मॅडम, कुणाला सांगणार नाही ना?’ इथं ‘नाही सांगणार, शपथ’ म्हणणं ही गंभीर चूक आहे. मी पहिल्याच भेटीत सांगते, ‘तू बोलशील ते या खोलीत राहील. तीन गोष्टींत मात्र मला दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगावं लागतं: तुझ्या जिवाला धोका असेल तर, तुझ्यामुळं दुसऱ्या कुणाला धोका असेल तर, आणि कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल तर. सांगायच्या आधी तुला कळवीन.’ मुलं यामुळं बोलायची थांबत नाहीत. उलट मर्यादा स्पष्ट असली, की त्यांना आधार वाटतो.

तिसऱ्या गोष्टीला कायदाही आहे. २०१२चा पोक्सो कायदा, म्हणजे १८ वर्षांखालील मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या कलम १९ प्रमाणं असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल, त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणं शिक्षा आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा झाकणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ‘शाळेचं नाव खराब होईल’, ‘पोरीचं लग्न व्हायचंय’ ही कारणं कायद्याला चालत नाहीत, माणुसकीलाही चालू नयेत. या वेळी समुपदेशकानं तपास अधिकारी व्हायचं नाही. खोदून खोदून विचारायचं नाही, ‘त्यानं असं केलं का, तसं केलं का’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न तर अजिबात नकोत. मूल जेवढं सांगेल तेवढं ऐकायचं, त्याच्याच शब्दांत तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं, ‘तुझी चूक नाही, तू सांगितलंस ते बरं केलंस’ हे स्पष्ट म्हणायचं आणि पुढची पावलं त्याच दिवशी उचलायची. एकाच मुलीला तोच प्रसंग मुख्याध्यापकांपुढं, मग संस्थेच्या सचिवांपुढं, मग आणखी कुणापुढं सांगायला लावणं म्हणजे तिला पुन्हा पुन्हा त्यातून नेणं. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा मोफत क्रमांक मुलं स्वतःही फिरवू शकतात, आणि तो प्रत्येक वर्गात लिहिलेला असावा.

सगळ्यात अवघड प्रश्न जिवाचा. दहावी-बारावीच्या निकालाच्या आसपास, प्रेमप्रकरण घरी कळल्यावर, फोन काढून घेतल्यावर, किंवा बाहेरून काहीच दिसत नसतानाही एखादं मूल म्हणतं, ‘नको वाटतंय सगळं.’ मोठ्या माणसांची समजूत अशी, की आत्महत्येचा शब्द काढला तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. हे खरं नाही. शांतपणे आणि थेट विचारल्यानं धोका वाढत नाही, हे आजवरच्या अभ्यासांतून पुढं आलं आहे. उलट कुणीतरी न घाबरता विचारलं, याचाच मुलाला सुटकेचा श्वास वाटतो. ‘नको वाटतंय म्हणजे जगणंच नको वाटतंय का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?’ हे वाक्य मला सुरुवातीला उच्चारता येत नव्हतं, आवाज कापायचा. मी घरी आरशासमोर उभं राहून ते म्हणायचा सराव केला आहे. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी तो करावा असं मी कळकळीनं सांगते.

उत्तर ‘हो’ आलं, तर त्या मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, घरी एकटं पाठवायचं नाही. पालकांना बोलावून घ्यायचं, आणि ते आल्यावर ‘याच्यावर लक्ष ठेवा’ एवढ्यावर सोडायचं नाही. आपल्या जिल्ह्यात घरोघरी शेती आहे, आणि शेतीची औषधं गोठ्यात, माळ्यावर, कुठंही पडलेली असतात. ती आजच घराबाहेर हलवा, किल्ली मोठ्या माणसाकडं ठेवा, हे स्पष्ट शब्दांत सांगायचं. असा आवेग अनेकदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात धोक्याची वस्तू हाताशी नसणं हेच जीव वाचवतं. मग मानसोपचारतज्ज्ञांकडं न्यायचं. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. तो २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, चोवीस तास चालतो आणि मोफत आहे.

‘हे माझं काम नाही’ हे ओळखणं हेही कौशल्यच, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. समुपदेशक औषध देत नाही, आजाराचं लेबल लावत नाही. योग्य दार दाखवतो आणि मूल तिथं पोचलं का, हे बघतो. पाचवीतला मुलगा ‘कमळ’चं ‘कळम’ वाचतो, फळ्यावरून उतरवताना ओळी गाळतो, तोंडी उत्तरं मात्र फाडफाड देतो, तर त्याला ‘लक्ष देऊन वाच’ सांगणं म्हणजे चष्मा लागलेल्याला ‘डोळे ताणून बघ’ सांगण्यासारखं आहे. ही अध्ययन अक्षमता असू शकते. ती तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी लागते, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा अशी मुलं त्यांच्यापुढं नेमकी उभी करणं हे समुपदेशकाचं काम. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, न्या म्हटलं, की पालकांचा चेहरा उतरतो. ‘मानसोपचार? म्हणजे येड्याचा डॉक्टर?’ तिथं वाद घालून उपयोग नसतो. मी म्हणते, ‘वहिनी, झोप येत नाही, जेवण जात नाही, रोज रडतोय. ताप चार दिवस उतरला नाही तर आपण थांबतो का?’ बहुतेक आया यावर गप्प होतात आणि मग तारीख विचारतात.

पालकांना गाठण्यासाठी त्यांचं घड्याळ माहीत असावं लागतं. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी केलेल्या बापाला सकाळी अकराला शाळेत बोलावलं तर तो पेंगुळलेला, चिडलेला येणार. ऊसतोडीच्या हंगामात आई फडात असते. म्हणून फोन कधी करायचा, घरी जायचं तर कुणाला आधी भेटायचं, हे ठरवूनच पाऊल टाकायचं. पुष्कळदा निर्णय आजी-आजोबांच्या हातात असतो. आणि पहिलं वाक्य तक्रारीचं नको. ‘तुमचा मुलगा घरच्यांची फार काळजी करतो’ इथून सुरुवात केली म्हणून त्या सहावीतल्या मुलाचे आबा माझ्यासमोर बसले, नाहीतर ते ‘दोन फटके द्या’ म्हणून निघून गेले असते.

शिक्षकांशी बोलताना उलट सावधगिरी लागते. त्यांना सगळी कहाणी सांगायची नसते, कामापुरतंच सांगायचं असतं. मी वर्गशिक्षकांना एवढंच म्हटलं, ‘जोराच्या पावसाच्या दिवशी याला मधल्या सुट्टीत ऑफिसातून एक फोन करू द्या.’ आबांनी नातवाला शब्द दिला, की ३९ व्हायच्या आतच जनावरं पाहुण्यांच्या गावी हलवायची आणि हलवली, की त्याला कळवायचं. त्या पावसाळ्यात त्यानं सात वेळा फोन केला. पोट दोनदाच दुखलं. भीती गेली असं मी म्हणणार नाही, पण तिला धरायला एक दांडा मिळाला.

उपदेशापेक्षा सोय मोठी, हे कोल्हापूरला नव्यानं शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी ‘मुलांनो शिका’ एवढंच सांगितलं नाही. १९०१पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करवली, १९१७ला संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. पोरगं शिकत नाही, तर त्याच्या वाटेत काय आडवं आलंय ते बघा आणि ते हलवा. शाळेतला समुपदेशक तेच छोट्या मापात करतो.

करिअर मार्गदर्शनाबद्दल थोडक्यात. कल चाचणीचा कागद हा बोलण्याची सुरुवात असतो, निकाल नव्हे. मुलाची आवड, घरची ऐपत आणि आयटीआय, डिप्लोमा, शेती, कला या वाटांची ताजी माहिती, तिन्ही एकत्र टेबलावर ठेवायची आणि निवड मुलाला करू द्यायची.

हे सगळं एका माणसाला किती मुलांसाठी जमेल? अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस अडीचशे विद्यार्थ्यांमागं एक अशी आहे. आपल्याकडं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी ठरलेली व्यवस्था ठेवावी. कागदावर नेमणूक झाली तरी त्या व्यक्तीला मोकळ्या तासांवर, परीक्षेच्या पर्यवेक्षणावर आणि स्नेहसंमेलनाच्या तयारीवर लावलं जातं. मी आधी जिथं काम केलं तिथल्या एका शाळेत माझ्याकडं उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायचं काम होतं. सकाळी गेटवर जी बाई नाव लिहून घेते, तिच्याशी दुपारी कोणतं मूल मन मोकळं करेल? शिक्षा करणारा हात आणि ऐकणारा कान एकाच माणसाकडं देऊ नयेत.

म्हणून पालकांनी पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर हेही विचारावं. आमच्या शाळेत समुपदेशक आहेत का, त्यांचं शिक्षण काय, आणि आठवड्यातले किती तास त्यांना फक्त याच कामाला मिळतात? मूल गंभीर अडचणीत असेल तर शाळा कुणाकडं पाठवते? आणि समुपदेशकाची खोली नेमकी कुठं आहे? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण माझी पहिली खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून होती. बाहेरच्या बाकावर बसलेलं मूल अख्ख्या शाळेला दिसायचं, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ‘त्याला मॅडमनी बोलावलंय’ हे सगळ्या वर्गात झालेलं असायचं. दोन वर्षं मागणी केल्यावर ग्रंथालयाच्या मागची अडगळीची खोली मिळाली. आम्ही ती झाडून घेतली, खिडकीला पडदा लावला. आता मुलं पुस्तक बदलायला जातो म्हणून वर्गातून निघतात आणि पुस्तक हातात घेऊनच माझ्याकडं येतात.